वार

वार म्हणजे दिवस.
वार म्हणजे घाव.
आणि वार म्हणजे ती, तुझ्या-माझ्या मधली,
घावनाएवढी, जाळीदार, ओली.
तिन्हींना एकच शब्द का,
हे मला बाणकोटात कधी सुचलं नाही.
शारजात, रोला चौकामागे, तिसऱ्या मजल्यावर कळलं.

आज कोणता वार, ते दार सांगतं.
सोमवारी नातूर येतो, परत आलेल्या चेकचा कागद घेऊन.
तो हळू वाजवतो, लाजतो.
बुधवारी गाडीच्या कर्जाचा माणूस.
तो बेलवरून बोटच उचलत नाही.
शुक्रवारी कुणी येत नाही,
म्हणून शुक्रवारी मी केस धुते.

तुझे अब्बा तेव्हा जिन्यात, गच्चीच्या बंद दाराशी.
मालक पळाला त्याला पाच महिने झाले,
अजून ते इस्त्रीचा शर्ट घालून निघतात.

मी दिवा घालवते. एसी घालवते, ऑगस्टात.
फ्रिजला टेकून श्वास धरते.
बेल वाजते.
मी दचकते, मग तू दचकतंस.
मधे अर्धा सेकंद.
तेवढंच अंतर आहे माझ्यात आणि तुझ्यात,
बाकी सगळं एकच रक्त नसून एकच भय.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या. मोडक्या उर्दूत बोलतात.
त्यांनी बिलाच्या पाठीवर वार काढली,
तिच्या दारात एक दरवान काढला, टोपीसकट.
म्हणाल्या, भीतीचं रसायन आईच्या रक्तात येतं-जातं,
पायरी चुकली, दूध उतू गेलं, कुणी ओरडलं.
दरवान बरंचसं उंबऱ्यावरच मोडून टाकतो.
थोडं आत सोडतो, तेही लागतंच.
पण रोज आलं, रात्री आलं, महिनोन्महिने आलं
तर तोही माणूसच, पेंगतो.
मग ते पोचतं तिथे, जिथे आत्ता तारा जोडल्या जातायत.
धोका हुंगणारा एक बदामाएवढा कोपरा
फार लवकर जागा होतो,
आणि त्याला 'पुरे, झोप' म्हणणारा
कामावर उशिरा रुजू होतो.

"होतंच असं नाही," त्या घाईने म्हणाल्या,
"शक्यता वाढते. फक्त शक्यता."
मी विचारलं, चूक माझी?
त्या पेनाला टोपण लावत राहिल्या, बराच वेळ.
मग म्हणाल्या, "बेल तू वाजवतेस?"

सासूबाई फोनवर म्हणतात, टेन्शन घेऊ नको गो.
जणू ते ताटात वाढलंय,
आणि नको म्हटलं की परत नेणारं कुणी उभं आहे.

अर्धी खोली प्लायवुड घालून आम्ही शायनीला दिलीय.
कोट्टायमची. नाइट ड्यूटीची नर्स.
गेल्या बुधवारी ती झोपेतून उठली, स्टुलावर चढली,
बेलमधले सेल काढले
आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले.
मला काही बोलली नाही. जाऊन झोपली.

आज बुधवार. तो आला.
दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली आली,
बटण दाबल्याचा फक्त टक् असा आवाज,
पुन्हा टक्, पुन्हा.
माझं काळीज धडधडलंच. तुला ऐकू गेलं असणार,
ते मला कुठे लपवता येतं?
पण तू हललं नाहीस.
की झोपलं होतंस? की मीच मोजायला चुकले?

सावली गेली.
मग प्लायवुडवर दोन थापा पडल्या, पलीकडून.
म्हणजे चहा.
आता तू लाथ मारलीस, जोरात, बरगडीखाली.
हीसुद्धा थापच, तुला काय फरक कळणार अजून.
पण ही लक्षात ठेव.
हिला वार नसतो.
आलं जरा जास्त असतं, एवढंच.